भिंत पलीकडून फोडावी लागेल

पुंजारामच्या धाकट्या मुलीच्या, दिशाच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना छापखान्यातून आला आणि तो तपासायला दत्तोपंतांना बोलावणं आलं. बेलापूरच्या त्या गल्लीत कुणाचीही पत्रिका पंतांच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय छापली जात नसे. सगळी हयात हायस्कुलाच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेलेली. कुणाची वेलांटी चुकलेली दिसली की पंतांना जेवण गोड लागत नसे. तर पंत गेले, पुंजारामच्या आतल्या खोलीत सतरंजीवर बसले, पत्रिका हातात घेतली आणि उजेडासाठी जरा मागे सरकले. पाठ भिंतीला टेकली ती गार लागली. हात फिरवून पाहिला. देवांच्या कोनाड्याखाली भिंत चक्क ओली होती.

ऐन वैशाखात ओली. बाहेर गल्लीतली कुत्री सावली शोधत गटाराच्या कडेला पडलेली, आणि इथे भिंतीचा रंग फुगून त्याचे पोपडे खाली आलेले. पोपडे दिसू नयेत म्हणून मालनबाईंनी, म्हणजे पुंजारामच्या बायकोने, तिथे गोणपाट अंथरून ठेवलं होतं.

"तिकडं नका बसू भावजी," मालनबाई चहा घेऊन आल्या. "हिकडं पंख्याखाली या. तिथं जरा ओल आलीय."

"ओल? उन्हाळ्यात?" पंतांच्या तोंडून निघून गेलं.

"येती कधी कधी," पुंजाराम म्हणाला आणि त्याने पत्रिकेवर बोट ठेवलं. "मामाचं नाव बरूबर पडलंय का बघा."

पंतांनी मामाचं नाव बघितलं. ते बरोबर होतं की चूक, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. कारण त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. पलीकडे त्यांचं स्वतःचं घर होतं आणि नेमका त्या जागी त्यांचा पाण्याचा हौद होता.

उठताना मालनबाई अगदी सहज बोलून गेल्या. "देवक ह्याच कोपऱ्यात बसवायचं. थोरल्या दोघींचं बी हितंच बसलं. कुळाचा कोपरा हाय आमचा."

लग्नाआधी मारुतीच्या देवळातून पाच झाडांच्या डहाळ्या वाजतगाजत घरी आणून देवांपाशी बसवतात, ते देवक. ते एकदा बसलं की लग्न उरकून देवक उठेपर्यंत पुंजारामच्या घरात भिंतीला खिळासुद्धा ठोकत नसत. म्हणजे जे काही करायचं ते देवक बसायच्या आधी करायला हवं, नाहीतर पोरीचं देवक पंतांच्या नळाच्या पाण्यात बसणार. हे गणित करतच पंत घरी आले आणि आल्या आल्या हौदामागे वाकून बघायला लागले. हौद आणि भिंत यांच्यात बोटभर फट होती. तिच्यात त्यांना अंधार दिसला आणि दोन झुरळं दिसली.

आता ही भिंत दोन्ही घरांना एकच कशी, तेही सांगायला हवं. पुंजारामचे आईबाप पाथर्डीकडचे. दरसाल ऊसतोडीला इकडे यायचे, एका वर्षी परत गेलेच नाहीत. पुंजाराम साखर कारखान्यात चिकटला, पुढे कायम झाला आणि त्याने पंतांशेजारची मोकळी जागा घेतली. दोघांनी एकदमच घरं बांधायला काढली. मधे दोन भिंती उभ्या करायच्या म्हणजे जागा वाया आणि विटाही वाया, तेव्हा दोघांत एकच भिंत घालू, असं पंतांच्या ओट्यावर बसून बोलणं झालं आणि घातली. कागद नाही, शिक्का नाही. नळाचं कनेक्शनही दोघांनी एकाच चरातून घेतलं. पंतांचा पाइप पुंजारामच्या ओट्याखालून येतो, त्या सामाईक भिंतीत शिरतो आणि हौदात उतरतो. इतकी वर्षं या भिंतीवरून एक शब्द झाला नव्हता.

तरीही पंत त्याच पावली परत फिरून "पुंजारामभाऊ, ही माझ्या पाइपाची ओल आहे" असं म्हणाले नाहीत. दुसरा कुणीही म्हणाला असता. पण पंतांचा पिंड वेगळा. आपल्यामुळे कुणाला तोशीस पडू नये, हे त्यांचं ब्रीद. एकदा श्रीरामपूरहून येताना एसटीत त्यांच्या कडेला बसलेला माणूस गाढ झोपला होता. त्याला उठवायला नको म्हणून पंत बेलापूर आलं तरी उतरले नाहीत आणि पुढच्या गावाहून भर उन्हात चालत परत आले. बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारी कळवलंसुद्धा नव्हतं. डबा द्यावा लागेल बिचाऱ्यांना, म्हणून. गावात याला सज्जनपणा म्हणत. इंदूबाई, त्यांची बायको, याला दुसरंच काहीतरी म्हणत, पण ते चारचौघांत म्हणत नसत.

इंदूबाई तेव्हा नाशिकला होत्या, लेकीच्या, सुकन्याच्या बाळंतपणाला. लग्नाच्या दोन दिवस आधी येणार होत्या. पंतांनी फोनवर हळूच विषय काढला.

"हौदाचा पाइप जरा गळतोय असं वाटतंय. प्लंबरला दाखवून अंदाज घेतो."

"कुठे गळतोय?"

"भिंतीत."

"कुठल्या भिंतीत? पुंजारामच्या? अहो, मग जाऊन सांगा ना त्यांना. मालन काय खाणार आहे तुम्हाला?"

"सांगतो. आधी अंदाज तर येऊ दे. नुसतं हात हलवत जाऊन काय सांगू?"

हे त्यांना स्वतःलाही पटलं. आधी अंदाज, मग बोलणं. कचेरीची पद्धतच ती. अशा रीतीने पंतांनी प्लंबर बोलवायला सुरुवात केली.

पहिला आला श्रीरामपूरचा कल्याण. दुकान असलेला, मोटारसायकलवाला, एका कानात सतत फोन. बोलावताना पंतांनी दिवस विचार करून निवडला होता. त्यांच्या भागात नळाला एक दिवसाआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी सारी गल्ली दारात असते. हंडे, पिंप, पोरं, बायका आणि कुणाचा पाइप कुणाच्या अंगणात गेला यावरची भांडणं. अशा वेळी प्लंबर घरात शिरला की दहा जणांनी विचारलं असतं. म्हणून त्यांनी कोरडा दिवस निवडला. पुंजाराम कांदा घेऊन मार्केटला गेलेला, मालनबाई बस्त्याला. सगळं कसं गुपचूप.

कल्याणने फटीत मोबाईलची बॅटरी मारली, भिंतीला कान लावला, हौदावर टकटक केली.

"काका, आत्ता काहीच कळत नाही. पाणी आल्यावर बघायला पाहिजे. आवाजावरून जागा सापडती."

"पाण्याच्या दिवशी जमणार नाही. तुम्ही अंदाजे सांगा."

"अंदाजे मग... जुना लोखंडी पाइप हाय, सडला असणार. हातभर तरी फोडावं लागंल. आन ते पलीकडून. हिकडून हौद हाय."

"हौद फोडू या!" पंत उत्साहाने म्हणाले. स्वतःचा हौद फोडायला ते एका पायावर तयार होते.

कल्याणने वर बोट केलं. गच्चीचा जिना हौदाच्या भिंतीवर उभा होता. "हौद फोडला तर जिना खाली येतो, काका. शेजारच्यांना सांगा, एक दिवसाचं काम हाय. आलोच मी, जरा बाहेर जाऊन येतो."

तो बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने आला. तंबाखू खायला गेला असेल, असं पंतांनी धरलं. आल्यावर त्याने आकडा सांगितला. पैशाचं पंतांना काही वाटलं नाही. पेन्शन होती, खर्च बेताचा होता. 'पलीकडून' हा एक शब्द मात्र त्यांना चालणारा नव्हता. लग्नघर, पाहुणे यायला लागलेले, आणि आपण जाऊन सांगायचं की तुमच्या देवांखालची भिंत फोडू द्या? नको. दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. एखादा म्हणेल, इकडूनच होतंय.

तोपर्यंत पंतांनी एक नवा छंद लावून घेतला. रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून ते पुंजारामकडे जायचे. कधी वर्तमानपत्र परत द्यायचं, कधी आचाऱ्याचा नंबर विचारायचा. आत जाऊन सतरंजीवर बसायचं, चहा घ्यायचा, डोळ्यांच्या कोपऱ्यातून कोनाड्याखाली बघायचं. ओल वाढतच होती. आधी गोणपाट एक होतं, मग दोन झाली. एका संध्याकाळी कोनाड्यातले देव उचलून फळीवर ठेवलेले दिसले आणि पंतांनी चहाचा कप खाली ठेवला.

"देव वर ठेवले?" त्यांनी विचारलं.

"रंगवायचंय घर," पुंजाराम म्हणाला. मग तो थांबला, पंतांकडे बघत राहिला. मालनबाईही दारात थांबल्या. पंतांना वाटलं, आता बोलावं. जिभेवर शब्द आलेही. ते म्हणाले, "कुठला रंग लावणार?"

दुसरा प्लंबर आप्पासाहेब. मोठी कामं घेणारा गडी, हॉटेलांची, मंगल कार्यालयांची. तो फटीत वाकलाही नाही. हौदाकडे, भिंतीकडे, पंतांकडे पाहून म्हणाला, "समदी लाइन गेली म्हणून समजा. ठिगळं लावण्यात अर्थ न्हाई. रस्त्यापासनं नवीन टाकू."

"म्हणजे भिंत फोडायला नको?" पंतांचे डोळे लकाकले.

"भिंत नको. रस्ता फोडायचा."

गल्लीत नुकताच सिमेंटचा रस्ता झाला होता. तो व्हावा म्हणून लोकांनी इतके अर्ज केले होते की निम्मे पंतांच्याच हस्ताक्षरात होते. तो फोडायची परवानगी ग्रामपंचायतीतून निघेपर्यंत दिशाला पोरं झाली असती. आप्पासाहेब म्हणाला, तसं असेल तर पलीकडून भिंत फोडा, वरपासून खालपर्यंत, दुसरा इलाज न्हाई. मग तोही "आलोच" म्हणून बाहेर गेला, आणि त्यालाही यायला बराच वेळ लागला.

पहिला म्हणतो हातभर, दुसरा म्हणतो अख्खी भिंत. पंतांची झोप उडाली. डोळे मिटले की त्यांना पुंजारामचं घर मधोमध उघडं पडलेलं दिसायचं, हळद लागलेली दिशा विटांच्या ढिगावर बसलेली दिसायची. त्यातून इंदूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न तोच.

"सांगितलंत?"

"दोन अंदाज आलेत. दोघांत फार फरक आहे. तिसरा घेतो, म्हणजे नक्की काय ते कळेल."

"तुम्हाला नक्की काय ते नकोय," इंदूबाई म्हणाल्या. "तुम्हाला असा प्लंबर हवाय जो म्हणेल की बोलायला नको. तो मिळायचा नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

पंतांना राग आला. राग आला याचा अर्थ बाई बरोबर बोलली होती.

तिसरा बिभीषण. वयाने पंतांच्या लेकीएवढा, बोलायला कमी. तोही कोरड्या दिवशीच आणलेला. त्याने हौदात उतरून पाइपाचं तोंड तपासलं, भिंतीवर बोटांनी ठोकत ठोकत वर गेला, खाली आला. मग न विचारताच बाहेर गेला, बऱ्याच वेळाने परतला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "फार न्हाई, पंत. वळणाचा तुकडा बदलायचा. तळहाताएवढी जागा. सकाळी फोडली की सांजच्याला गिलावा. पर पलीकडून."

"तळहाताएवढी? नक्की?"

"पानी चालू असतं तर नक्की सांगितलं असतं. तुमी सुक्या दिवशी बोलवता. त्यांना कधी सांगताय? मी उद्या बी येतो."

"कळवतो," पंत म्हणाले. "विचार करून कळवतो."

बिभीषणने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यात विचार करण्यासारखं काय आहे ते त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

त्यानंतर आलेल्या पाण्याच्या दिवशी पंतांनी पहिल्यांदाच नळ आल्याबरोबर भिंतीला कान लावला. आत बारीक सुस्कारा चालू होता. थांबत नव्हता. बाहेर बायका हंड्यांवरून भांडत होत्या आणि इथे प्रत्येक क्षणाला त्यांच्या घरचं पाणी त्या पोरीच्या देवांखाली जात होतं. हौद अर्धासुद्धा भरला नाही. पंतांना स्वतःची शरम वाटली, चांगली कडकडीत वाटली, आणि त्यांचा निश्चय झाला. लग्न रविवारी. पंतांच्या स्वतःच्या घरात देवक मुंजीला, लग्नाला आदल्या दिवशी बसत आलेलं. म्हणजे शनिवार. शुक्रवारी सकाळी पाण्याचा दिवस आहे; बिभीषणला बोलवायचं, पुंजारामला सांगायचं, तळहाताएवढं फोडायचं, संध्याकाळी गिलावा. शनिवारी देवक कोरड्या कोपऱ्यात. त्यांनी बिभीषणला फोन केला आणि ओल दिसल्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

शुक्रवारी पंत लवकर उठले. आंघोळ केली, हौदाचा तळ खरवडून निघाला तेवढ्यात. धुतलेला सदरा घातला. पुंजारामशी काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. 'पुंजारामभाऊ, एक अडचण आहे, आणि ती माझ्यामुळे आहे.' चांगलं होतं वाक्य. तेवढ्यात हलगी वाजायला लागली.

वेशीकडे कुणाकडे तरी कार्य असेल, असं वाटून पंतांनी दार उघडलं. हलगी त्यांच्याच गल्लीत शिरत होती. पुढे हलगीवाले, मागे पाहुण्यांचा घोळका, आणि मधे एका शालीखाली पुंजाराम आणि मालनबाई, दोघांच्या हातात आंब्याच्या, जांभळाच्या, उंबराच्या डहाळ्या. मारुतीच्या देवळातून देवक येत होतं.

"आज?" पंत मोठ्याने म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

पुंजारामच्या कुळात देवक हळदीच्याही आधी बसतं. लग्नाच्या दोन दिवस आधी. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. थोरल्या दोघींच्या लग्नातही तसंच झालं होतं, पण तेव्हा पंत कचेरीतून थेट जेवणाच्या पंगतीला आले होते. तीन प्लंबरांना त्यांनी शंभर प्रश्न विचारले होते. देवक कधी बसणार एवढा एक प्रश्न भिंतीपलीकडे जाऊन विचारला नव्हता.

"पंतकाका, चला ना आत," हिरवा चुडा भरलेली दिशा त्यांचा हात धरून म्हणाली. पंत ओढले गेल्यासारखे आत गेले. त्यांचे पाय आतल्या खोलीकडे वळत होते, पण घोळका तिकडे गेलाच नाही. बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी, रस्त्याकडच्या भिंतीला पाट मांडला होता. नवी रांगोळी घातली होती.

"हितं?" पाथर्डीहून आलेली एक म्हातारी आत्या कडाडली. "कुळाचा कोपरा सोडून देवक दारात बसवतोस व्हय रं, पुंजा? तुझ्या बानं असं कधी केलं न्हाई."

"हितं हवा लागती," पुंजाराम म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

म्हातारी बडबडत राहिली. पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. डहाळ्या पाटावर ठेवल्या गेल्या, हळदकुंकू वाहिलं गेलं, देवक बसलं. पंत खांबाला धरून उभे होते.

नेमका त्याच वेळी बिभीषण पिशवी घेऊन दारात आला. छिन्नी-हातोड्याचा आवाज झाला. पाटावरच्या डहाळ्या दिसल्या तसा तो जागीच थांबला.

"राम राम पुंजारामभाऊ. बसलं व्हय देवक? मग ऱ्हायलं."

"तुम्ही... ओळखता यांना?" पंतांनी विचारलं.

"म्हंजे काय? पलीकडची बाजू बघितल्याबगर अंदाज कसा देनार, पंत? दुसऱ्याची भिंत फोडायची तर दुसऱ्याला इचारूनच आकडा सांगत्यात. कल्याण येऊन बघून गेला, आप्पासाहेब गेला, मी गेलो. भाऊ म्हणले, माझी काय हरकत न्हाई, पंत सोता येत्याल."

पुंजारामने पंतांचा दंड धरला आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथे कुणी नव्हतं. फक्त रिकामा कोनाडा होता आणि खाली गोणपाटांची थप्पी. नळ सुटला होता. भिंतीतला तो सुस्कारा इकडूनही ऐकू येत होता.

"मला आरशासमोर..." पंतांनी सुरुवात केली. वाक्य आठवेना.

"मार्केटवरनं परत आलो तर पहिला गडी माझ्या दारात. तवाच मला कळलं," पुंजाराम म्हणाला. "मी मालनला म्हणलं, आज पंत येनार. चहा टाक. तुमी आला. चहा प्याला. आचाऱ्याचा नंबर घेतला आन गेला. मग रोजच. रोज मला वाटायचं, आज बोलत्याल."

"ऐन लग्नात तुम्हाला त्रास नको, म्हणून..."

"तरास झाला की!" पुंजारामचा आवाज चढला. बाहेर कुणीतरी हलगी थांबवली. "लई झाला. भिंतीचा न्हाई झाला. मी तुमच्याकडं पत्रिका घिऊन येतो. पोरीच्या फीचा अर्ज घिऊन येतो. आईला दवाखान्यात न्यायची हुती तवा तुमच्या दारावर थाप मारली. मला कधी वाटलं न्हाई, पंतांना तरास हुईल. मग म्या येडा हुतो का? का तुमच्या लेखी म्या फकस्त मागनाराच हाय, देनारा न्हाई?"

असं पंतांनी कधी मनात आणलं नव्हतं. पण मनात न आणता ते हेच करत आले होते, सगळ्यांशी, आणि एका माणसाने ते तोंडावर म्हटलं होतं.

"मग तुम्हीच का नाही बोललात?"

"मी बोललो असतो तर तुमी मान खाली घालून माफी मागत बसला असता. ते मला बघवलं नसतं. म्हणून म्हणलं, जाऊ द्या, कोपरा सोडू. आता आत्याबाई जनमभर बोलंल. बोलू दे."

तो बाहेर गेला. पाहुण्यांना चहा विचारायला लागला. पंत तिथेच उभे राहिले. बिभीषण दारातून डोकावला.

"आता भिंतीला हात लावता येत न्हाई, पंत. देवक उठल्यावर बघू. तवर पानी जिरू द्यायचं नसंल तर एकच हाय. ओट्याखालचा तुमचा कॉक बंद करायचा. पर मग तुमच्या घरात थेंब येनार न्हाई. आज पाण्याचा दिस हाय, हौद तरी भरून घ्या आन मग..."

"भरला की इकडे येणारच ना पाणी?"

"येनारच."

"बंद करा," पंत म्हणाले. मग म्हणाले, "थांबा, मीच करतो."

भर लग्नघरासमोर, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, पंत पुंजारामच्या ओट्याखाली गुडघ्यांवर बसले, झाकण काढलं आणि कॉक फिरवला. घट्ट होता. दोन्ही हातांनी फिरवावा लागला. धुतलेला सदरा चिखलाने भरला. भिंतीतला आवाज बारीक होत होत थांबला. मग ते उठून आपल्या घरी गेले. हौदाच्या तळाला बोटभर गढूळ पाणी होतं. दुपारच्या गाडीने इंदूबाई येणार होत्या. त्यांच्याबरोबर सुकन्या, तिचं बाळ. प्यायला पाणी नाही, आंघोळीला नाही, बाळाच्या दुपट्यांना नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जारचं पाणी विकत मिळत होतं. पंतांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पण त्यांनी तो तिथूनच मागे घेतला आणि मोरीतली पितळी घागर उचलली.

पुंजारामच्या दारात नळावर गर्दी होती. आत्याबाई होत्या, पाहुण्या बायका होत्या, हलगीवाले होते. पंत घागर घेऊन उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. पंतांनी घागर एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पुंजारामभाऊ," ते म्हणाले. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाले. "पुंजारामभाऊ, माझ्याकडे पाणी नाही. मला पाणी हवंय. देवक उठेपर्यंत लागेल, रोज. इंदू येतेय, लेक येतेय. त्यांनाही लागेल."

पुंजाराम ताटात पानसुपारी लावत होता. त्याने पंतांकडे बघितलं, चिखलाच्या सदऱ्याकडे बघितलं. हसला नाही. राग अजून उतरला नव्हता आणि तो लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"बायांचं भरून व्हऊ द्या," तो म्हणाला. "मग तुमचा नंबर. बसा तिथं."

पंत ओट्यावर बसले, रिकामी घागर मांडीशी धरून, पाहुण्यांच्या हंड्यांच्या मागे. पुढे बरीच भांडी होती. मालनबाई कळशी घेऊन जाता जाता थांबल्या, वाकून त्यांच्या घागरीत डोकावल्या.

"आतनं कधी घासलीया का न्हाई, भावजी?" असं म्हणून त्यांनी घागर त्यांच्या हातातून काढून घेतली आणि चिंच-मीठ घेऊन नळाशी बसल्या.